आरोग्यमंत्री महोदय, तिची एकटीची सही पुरेशी आहे

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



आपण आज ज्या खात्याचा कारभार पाहता, तो साठ वर्षांपूर्वी शांतिलाल शहा यांच्याकडे होता. गर्भपाताच्या प्रश्नाचा विचार करायला केंद्र सरकारने 1964 साली समिती नेमली, तेव्हा तिचं अध्यक्षपद महाराष्ट्राच्या या मंत्र्याकडे आलं. गावठी उपायांनी चोरून पोट पाडताना बायका जिवाला मुकतात आणि कायद्याच्या भीतीने चांगला डॉक्टर हात लावत नाही, हे त्या समितीपुढचं वास्तव होतं. 1966 मध्ये अहवाल आला, त्यातून 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला लिहिते आहे. शिवाय मी जे मागणार आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना संसदेची गरज नाही. आपल्या खात्याचं परिपत्रक पुरेल.

मी मराठवाड्यात बायकांच्या आरोग्याचं काम करते. दवाखान्यात सोबत जाणं हा त्या कामाचा मोठा भाग. अशाच एका सोबतीची हकिकत सांगते.

बाई तिशीची. तीन मुलं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला, एक कोयता. सासऱ्याच्या दिवसांसाठी दोघं गावी आली, नवरा तेरावा उरकून लगेच फडावर परतला, ही दोन दिवस मागे राहिली. पाळी चुकली होती. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आम्ही केसपेपर काढला, लघवीची तपासणी झाली, तारखेवरून हिशोब केला तर सातवा आठवडा. गोळ्यांनी होण्यासारखं काम. टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, "मालक कुठायत? त्यांची सही लागंल." फोन लावून देते म्हणाली, तर फोनवर सही होत नाही असं उत्तर मिळालं. मग दुसरी अट आली, की आधी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार असाल तर बघू. टाके पडल्यावर वाकून मोळी कशी बांधायची, हे तिने विचारलं नाही. पदर सावरला आणि उठली. मी वाद घातला, कायदा सांगितला. डॉक्टर म्हणाले, उद्या नवरा येऊन भांडला तर तुम्ही येणार का मध्ये?

ती फडावर परत गेली. पुढे महिन्याभराने कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या तिने घेतल्या, किती आणि कशा ते विचारायला कुणी नव्हतं. अंगावरून जात राहिलं. खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जातात, म्हणून त्या अवस्थेत ती ऊस तोडत राहिली. चक्कर येऊन पडली तेव्हा टोळीतल्या बायकांनी तिला जिल्ह्याच्या गावी नेलं. रक्त चढवावं लागलं. ती वाचली, आणि वाचली म्हणून सरकारच्या कुठल्याही आकड्यात तिच्यावर आलेली ही वेळ दिसत नाही.

मंत्री महोदय, गर्भपाताच्या कायद्यात संमतीपत्राचा नमुना आहे, 'फॉर्म सी'. अठरा वर्षांवरच्या बाईसाठी त्यावर एकच सही लागते, तिची. मुलगी अज्ञान असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल तरच पालकाची. नवऱ्याच्या, सासूच्या, भावाच्या सहीला त्या कागदावर रकाना नाही. ऑपरेशनची अट तर कायद्यात औषधालाही सापडणार नाही. 1971 पासून हेच आहे. तरीही राज्यातल्या कितीतरी दवाखान्यांत, सरकारी आणि खाजगी दोन्हींत, नवऱ्याची सही मागितली जाते आणि ती मागणाऱ्याला आजवर कुणी जाब विचारलेला नाही.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येते, कारण तो बाजूला ठेवून ही मागणी मला करता येणार नाही. कीर्तनात, सभेत, घराघरांत लोक विचारतात, पोटातला जीव संपवायचा अधिकार आईला कुणी दिला? असं विचारणाऱ्यांना मी दुष्ट मानत नाही. पोटात वाढतो तो जीव असतो, त्याचं पुढे माणूस होणार असतं, हे मी नाकारत नाही. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बायकाही ते नाकारत नाहीत. त्यांतल्या बहुतेकींना मुलं आहेत. गर्भ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको.

पण त्या जिवाला वाढायला जागा एकच आहे, त्या बाईचं शरीर. नऊ महिने तिचं रक्त, तिची झोप, तिची मजुरी त्यात जाते, बाळंतपणात प्राण पणाला लागतात, आणि त्यानंतरची वीस वर्षं वेगळीच. पोटच्या लेकराला मूत्रपिंड हवं असेल आणि बापाचं जुळत असेल, तरी कायदा बापाला ओढून टेबलावर झोपवत नाही. 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा त्याची संमती मागतो. त्याने नकार दिला तर भावकी नावं ठेवील, पोलीस दारात येणार नाहीत. जन्मलेल्या, बोलत्या-चालत्या मुलासाठीसुद्धा आपण कुणाच्या शरीरावर सक्ती करत नाही. मग ती सक्ती गर्भार बाईवर कोणत्या न्यायाने करायची? निर्णय जड आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. जड आहे म्हणूनच तो तिच्याकडे असला पाहिजे. त्याचं ओझं आयुष्यभर वाहणारी तीच आहे, डॉक्टर नाही, सासू नाही आणि आपण किंवा मीही नाही.

कायदा मात्र अजून तिथवर आलेला नाही. 1971 च्या कायद्याने बाईला हक्क दिला असं आपण म्हणतो, पण नीट वाचला तर त्याने डॉक्टरला संरक्षण दिलं. अमुक कारणाने गर्भपात करणं योग्य आहे असं डॉक्टरचं मत झालं, तर त्याच्यावर गुन्हा होणार नाही, एवढंच. 2021 च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं आणि पुढे चोविसाव्यापर्यंत दोघांचं, तेही नियमांत नेमून दिलेल्या गटांतल्या बायकांसाठी: अत्याचारातून गर्भ राहिलेली, अज्ञान मुलगी, मधल्या काळात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग आणि आणखी काही. मला हे मूल नको आहे, हे वाक्य कारण म्हणून कुठल्याच टप्प्यावर चालत नाही. त्यामुळे डॉक्टर जवळपास प्रत्येक कागदावर गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं लिहितात, मग त्या बाईला आयुष्यात कुणी गर्भनिरोधक दिलेलं असो वा नसो. सरकारी कागदावर तिला पहिली गोष्ट करावी लागते ती खोटं बोलण्याची.

आणि या सगळ्याच्या तळाशी फौजदारी कायदा बसलेला आहे. 1860 च्या भारतीय दंड विधानातलं 312 वं कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 88 वं कलम झालं. गर्भपात घडवणाऱ्याला शिक्षा, आणि स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईही त्यात गुन्हेगार. इंग्रजांचे कायदे टाकून दिल्याचं आपण सांगितलं, पण हे कलम जसंच्या तसं ठेवलं. माझ्यासोबतच्या त्या बाईने फडावर गोळ्या घेतल्या, त्याने ती या कलमाच्या अक्षराप्रमाणे आरोपी ठरू शकते. जिने तिला सातव्या आठवड्यात परत पाठवलं त्या व्यवस्थेला मात्र कलम नाही.

न्यायालयं यापुढे गेली आहेत. मूल हवं की नको हे ठरवणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 सालीच म्हटलं. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालाने अविवाहित बाईलाही चोविसाव्या आठवड्यापर्यंतची मुभा दिली आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कार मानला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तुरुंगातल्या गर्भार कैदी बायकांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि निवड त्या बाईची आहे असं सांगितलं. जानेवारी 2023 मध्ये बत्तीस आठवडे उलटलेल्या एका प्रकरणात गर्भात गंभीर व्यंग होतं. वैद्यकीय मंडळाने उशिराचं कारण देऊन नकार दिला होता, तेव्हा याच न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क त्या बाईचा आहे, मंडळाचा नाही. पण उच्च न्यायालयापर्यंत कोण पोचतं? ज्या बाईला एसटीच्या तिकिटासाठी नवऱ्याकडे पैसे मागावे लागतात, तिच्या तालुक्याला हे निकाल पोचवायचं काम आपल्या खात्याचं आहे.

आपल्या राज्यात मुलींचे गर्भ पाडले गेले, हे विसरून मी हे लिहीत नाही. मी त्याच पट्ट्यातली आहे. 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या, आणि बीड जिल्ह्यात 807. 2012 साली परळीत एक बाई गर्भपातात मेली आणि तिथला सगळा व्यवहार उघडा पडला. 2017 मध्ये म्हैसाळला, तशाच एका मृत्यूनंतर, ओढ्याकाठी 19 भ्रूण पुरलेले सापडले. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला आणि तो मुंबईतल्या कार्यकर्त्या बायका-पुरुषांनी लढून मिळवला, याचा मला अभिमान आहे.

मग लोक मला विचारतात, निवड बाईची म्हणता, तर मुलगी नको म्हणून पाडणं हीसुद्धा तिचीच निवड मानायची का? दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा दिवस गेलेली बाई सोनोग्राफीच्या टेबलावर जाते तेव्हा तिच्यामागे कोण उभं असतं ते पाहा. मुलगा झाला नाही तर दुसरी करून आणू, ही धमकी तिने ऐकलेली असते. लिंगनिदानविरोधी कायद्याला हे कळतं. त्याचं 24 वं कलम असं गृहीत धरतं की गर्भार बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली आहे. जिला मुलीचा गर्भ पाडायला लावतात आणि जिला नको असलेला गर्भ वाढवायला लावतात, त्या दोघींच्या शरीरावर हुकूम दुसऱ्याचाच चालतो. एखादी स्वखुशीनेही तसं करत असेल, तर ते चूक आहे असं मी तिच्या तोंडावर सांगेन. पण ते रोखायची जागा सोनोग्राफीच्या खोलीत आहे, हुंड्याच्या बैठकीत आहे, सातबाऱ्यावर मुलीचं नाव नसण्यात आहे. सगळ्याच बायकांची गर्भपाताची वाट बंद करून मुली वाचत नाहीत.

परळीनंतर नेमकं तेच झालं. औषध दुकानांवर धाडी पडल्या, प्रत्येक पाकिटाचा हिशोब मागितला जाऊ लागला आणि झंझट नको म्हणून दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या नियमाप्रमाणे नवव्या आठवड्यापर्यंत द्यायच्या असतात. सोनोग्राफीत लिंग दिसायला बारावा-तेरावा आठवडा उजाडतो. म्हणजे नियमाने दिलेल्या गोळ्या मुलगी ओळखून पाडण्याच्या कामाच्याच नाहीत. तरी पहिली गदा त्यांच्यावर आली. दवाखान्याच्या भिंतीवर लिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी आहे, ती असलीच पाहिजे. गर्भपात कायदेशीर आहे, इथे मोफत होतो, ही पाटी मात्र शोधावी लागते. म्हणून गावोगावच्या आशाताईसुद्धा मला दबक्या आवाजात विचारतात, ताई, गर्भपाताला बंदी आहे ना? 2015 साली देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासाने दिला. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. वाट बंद केल्याने बाई थांबत नाही, एकटी पडते.

अज्ञान मुलींचं दुखणं आणखी खोल आहे. अठरा वर्षांखालच्या मुलीला दिवस गेले की पोक्सो कायद्याने डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. आईबाप अब्रूच्या भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आठवडे सरतात. पालकांनी आणि मुलीने विनंती केली तर गर्भपातापुरतं तिचं नाव पोलिसांना देण्याची सक्ती नाही, हे 2022 च्या त्याच निकालात आहे. मला भेटलेल्या डॉक्टरांपैकी फार थोड्यांना ते माहीत होतं. एप्रिल 2024 मध्ये आपल्या राज्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गर्भ अत्याचारातून राहिलेला. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिलला दिली, पण तोवर तिसावा आठवडा लागला होता. काही दिवसांत तिच्या आईवडिलांनी जिवाच्या धोक्यापायी विचार बदलला आणि आदेश मागे घ्यावा लागला. चोविसाव्या आठवड्यानंतर वैद्यकीय मंडळाच्या मतावर गर्भपात होऊ शकतो तो गर्भात गंभीर व्यंग असेल तर. मुलीवर बलात्कार झालेला असेल तर तिला कोर्टात जावं लागतं. गर्भाचं व्यंग कारण म्हणून पुरतं आणि पोरीचं मोडलेलं आयुष्य पुरत नाही, ही मांडणी अपंगांचाही अपमान करते आणि त्या पोरीचाही.

इतक्या उशिराच्या गर्भपाताबद्दल मन कचरतं, माझंही. सव्वीस-अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ बाहेर जगू शकतं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये दोन मुलांच्या आईला सव्विसाव्या आठवड्यात परवानगी नाकारताना सर्वोच्च न्यायालय याच ठिकाणी अडलं. पण तिथवर वेळ आली ती कुणामुळे, हे पाहायला नको का? सातव्या आठवड्यात दार बंद करायचं आणि सव्विसाव्यात तिला नीतीचा धडा द्यायचा, हे मला मान्य नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिला आहे. काशीबाई नावाच्या विधवेने 1863 च्या सुमारास नवजात मूल विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिला दोष देत बसण्याऐवजी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुप्तपणे येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर, असं त्यांनी विधवांना जाहीर कळवलं. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. या माणसांनी बाईच्या खुशीला कागदावर आणि घरात जागा दिली, तीही अख्खा समाज अंगावर घेऊन. आपल्याला त्याच्या शतांशानेही झळ सोसावी लागणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सज्ञान बाईची सही पुरेशी आहे, नवऱ्याची सही मागणं आणि ऑपरेशनची किंवा तांबीची अट घालणं हा गैरप्रकार समजून कारवाई होईल, असं परिपत्रक काढा आणि ते खाजगी केंद्रांनाही लागू करा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळ्यांचा साठा ठेवा, पावसाळ्यातही आणि सुट्टीच्या आठवड्यातही. अन्न व औषध प्रशासन वेगळ्या मंत्र्यांकडे आहे हे मला माहीत आहे. त्यांच्याशी बसून दुकानदारांना लेखी सांगा की डॉक्टरच्या चिठ्ठीवर या गोळ्या विकणं गुन्हा नाही. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असा नियम आहे, तो पाळला जातो का याचा अहवाल दर महिन्याला मागवा. अज्ञान मुलींच्या गुप्ततेबद्दलचा 2022 चा निकाल मराठीत, एका पानात, प्रत्येक डॉक्टरच्या आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पोचवा. बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच पानावर छापा. आणि पहिल्या बारा आठवड्यांत तरी बाईची इच्छा हेच कारण पुरेसं मानावं, न्याय संहितेतून बाईला आरोपी करणारा भाग काढावा, अशी शिफारस राज्य सरकारने केंद्राकडे करावी. शांतिलाल शहांच्या राज्याने ती केली तर दिल्लीला ती ऐकावी लागेल.

टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि पुढचे पाच-सहा महिने त्या बायका कुठल्याच आरोग्य केंद्राच्या यादीत नसतात. परिपत्रक त्याआधी काढा, आणि साखर कारखान्यांच्या परिसरातल्या दवाखान्यांना ते सगळ्यांत आधी पाठवा, ही विनंती.

आपली नम्र,
मराठवाड्यातली एक आरोग्य कार्यकर्ती